धुराआधीची कुऱ्हाड

देग चढवण्याआधी भटारी मसाल्याकडे नव्हे, लाकडाच्या ढिगाकडे जातो. दोन फाटी एकमेकांवर आपटून पाहतो. खणखणीत आवाज आला तर लाकूड वाळलेले, बद्द आला तर ओले. जाड ओंडका दिसला की कुऱ्हाड मागतो. लग्नघरातल्या माणसांना ही कटकट वाटते. पण ओल्या लाकडाचा धूर भाताला लागला की पाहुणे पहिल्याच घासाला तोंड वाकडे करतात, हे त्याला ठाऊक असते.

धूर नको म्हणून लाकूड फोडायचे, एवढे आपल्याला माहीत आहे. धूर हवा असतो तेव्हाही ते तितक्याच निगुतीने फोडावे लागते. धुरावर मासा राखणाऱ्या समाजांचा इतिहास वाचताना हे ध्यानात येते. आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्या इतिहासात मासा आहे, व्यापारी आहे, प्रवासी आहे. लाकूड फोडणारे माणूस मात्र जवळजवळ नाही.

आपल्या कोकणात मासा टिकवतात तो उन्हावर आणि मिठावर. बोंबील वलांडीवर टांगले, सुकट अंगणात पसरली, की पुढचे काम ऊन करते. पातळ अंगाच्या माशाला ते पुरते. कुप्यासारखा, म्हणजे ट्यूनासारखा, जाड मांसाचा मासा दमट हवेत आतपर्यंत सुकण्याआधीच कुजू लागतो. मालदीव बेटांचे पोट ज्यावर चालत आले तो मासा याच कुळातला. म्हणून तिथे तो कापून उकळतात, धुरावर धरतात आणि मग उन्हात कडक वाळवतात. त्याला ‘हिकिमास’ म्हणतात. ‘हिकि’ म्हणजे सुका. ‘मास’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको; त्यांचा ‘मास’ आणि आपला ‘मासा’ एकाच मुळाचे.

इब्न बतूता १३४३ मध्ये या बेटांवर पोहोचला. दिल्ली सोडल्यावर दौलताबाद पाहून तो पश्चिम किनाऱ्याने खाली उतरला होता आणि गोव्यावरच्या एका स्वारीतही सामील झाला होता. मालदीवच्या तख्तावर तेव्हा खदीजा ही राणी होती. त्याला तिथे काझीचे पद मिळाले. आपल्या प्रवासवर्णनात त्याने या माशाची नोंद केली आहे. माशाचे चार तुकडे करतात, हलके शिजवतात, माडाच्या झावळ्यांच्या टोपल्यांत घालून धुरात टांगतात, आणि पुरता सुकला की खातात. हिंदुस्थान, चीन आणि येमेनला तो पाठवला जातो, असे तो सांगतो.

त्याच वर्णनात काथ्याचीही हकीकत आहे. नारळाची सोडणे किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत कुजवायची, बडवायची, मग बायका त्याचे सूत कातणार आणि त्या दोरीने जहाजांच्या फळ्या शिवल्या जाणार. म्हणजे कातणाऱ्या बाईकडे या काझीचे लक्ष गेले होते. टोपलीखालचा धूर मात्र त्याच्या लेखी आपोआप निघत होता. तो कोणत्या लाकडाचा, ते कोणी आणले, कोणी फोडले, याबद्दल एक शब्द नाही.

धूर आपोआप निघत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. साल शाबूत असलेला गोल ओंडका ते पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवतो. तो उभा चिरला, रेषेच्या दिशेने फोडला, की आतला गाभा हवेला लागतो आणि ओल निघून जाते. ओले लाकूड जाळले तर वाफ आणि काजळी माशावर बसते, चव कडवट होते. फार बारीक ढलप्या केल्या तर त्या भडकतात. मासा बाहेरून भाजतो आणि आत ओला राहतो. मधल्या मापाचा तुकडा हवा, जो धुमसेल पण पेटून उठणार नाही. लाकडातले लिग्निन हे द्रव्य तापून फुटले की धुराचा वास आणि जंतूंना रोखणारे फिनॉल तयार होतात. हे शास्त्र पुढे लिहिले गेले. फोडणाऱ्या हाताला तुकड्याचे माप त्याआधी कितीतरी शतके ठाऊक होते.

सतराव्या शतकात फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच खलाशी जहाज फुटून मालदीवला लागला. १६०२ पासून १६०७ पर्यंत तो तिथे अडकला होता. पुढे गोव्यालाही येऊन राहिला. तो या माशाला ‘काळा मासा’ या अर्थाच्या स्थानिक नावाने ओळखतो आणि त्याचा दूरवरचा व्यापार नोंदवतो. काळेपण धुराचे, पण लाकडाची बाजू त्याच्याही नोंदीत येत नाही.

याच जातीच्या माशाला जपानमध्येही धूर देतात. तिथला ‘कात्सुओबुशी’ लाकडासारखा टणक होतो आणि रंध्यावर किसून वापरतात. कोणी कोणाकडून शिकले हा वाद बाजूला ठेवू. किशू प्रांतातल्या जिंतारो नावाच्या कोळ्याने १६७४ मध्ये तोसा प्रांतात धुराची ही रीत आणली, असे परंपरा सांगते. ओकसारखी कठीण लाकडे फोडून रचायची, विस्तवावर माशाचे थाळे चढवायचे, उतरवायचे, रात्रभर मुरू द्यायचे म्हणजे आतली ओल बाहेरच्या अंगाला येते, आणि पुन्हा धूर द्यायचा. असे दहा-पंधरा वेळा. पाइनसारखे राळेचे लाकूड टाळायचे, कारण राळेने मासा कडू होतो. एका माशामागे किती फोडलेले लाकूड जळत असेल, याचा यावरून अंदाज यावा.

जपानला डोंगर आहेत, रान आहे. मालदीवला दोन्ही नाही. वाळूची सखल बेटे, मोजकी झाडे. नारळाच्या सोडणांवर काथ्याचा हक्क. अशा ठिकाणी सरपण हीच मोठी दौलत. पुरुष समुद्रावर जात. मासा उकळणे, धुरावणे, वाळवणे आणि त्यासाठी लाकूडफाटा गोळा करणे हे बायकांकडे असे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला श्रीलंकेने परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर बंधने आणली आणि हिकिमासचा सर्वांत मोठा बाजार कोसळला. त्याच सुमारास जपानी कंपन्या मालदीवच्या होड्यांकडून ताजा मासा थेट विकत घेऊन गोठवू लागल्या. देशाला परकीय चलन मिळाले. सरपणाचे ओझे थोडे हलके झाले असेल. पण मासा घरच्या चुलीवर न येता परस्पर विकला जाऊ लागला, तेव्हा बाईच्या हातचे कामही तिच्या हातून गेले. इतिहासात पहिली गोष्ट प्रगती म्हणून येते. दुसरी बहुधा येतच नाही.

हा हिशेब निदान काही प्रमाणात मांडला गेला तो पश्चिम आफ्रिकेत. घानाची राजधानी आक्रा, तिच्या किनाऱ्यावर चोरकोर ही कोळ्यांची वस्ती. तिथल्या बाया मातीच्या गोल भट्ट्यांवर मासे धुरावत. लाकूड भरमसाट लागे, डोळे आणि छाती धुराने भरून जात. १९७० च्या सुमारास त्या बायांना सोबत घेऊन तिथल्या अन्नसंशोधन संस्थेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने चौकोनी भट्टी तयार केली. तिच्यावर जाळीचे थाळे एकावर एक रचता येतात, त्यामुळे उष्णता आणि धूर वाया जात नाही. कमी लाकडात जास्त मासा निघू लागला. भट्टीला नाव मिळाले ते वस्तीचे, ‘चोरकोर’.

तरी प्रश्न संपला नाही. धुरात बेन्झोपायरीनसारखी कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्ये असतात, आणि आच जास्त झाली, चरबी निखाऱ्यावर गळली, की ती वाढतात. युरोपीय संघाने २०१४ पासून धुरावलेल्या माशात बेन्झोपायरीनची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम केली. आफ्रिकेतल्या बायांचा माल आणि जपानचा कात्सुओबुशी, दोन्ही या नियमाशी अडखळले. तपासणी होते ती माशाची. पण उपायांमध्ये पहिली पायरी पुन्हा तीच: कोणते लाकूड, किती वाळलेले, कोणत्या मापाचे.

आपल्या देशातही लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर, जिथे मालदीवचीच भाषा बोलतात, असा मासा होतो. तो खाणारे त्याच्या चवीबद्दल भरभरून बोलतात. आपणही बिर्याणीचा, देगीचा, भटाऱ्याच्या हाताचा इतिहास हौसेने लिहितो. त्या इतिहासाची सुरुवात एकदा घरामागच्या अंगणातून करून पाहावी. तिथे एक ओंडका आडवा पडलेला असतो, त्यात रुतलेली कुऱ्हाड असते आणि शेजारी ढलप्या वेचणारी एक बाई असते. तिचे नाव विचारून लिहून ठेवायला आजही उशीर झालेला नाही.