गोळी चुकली असती तर

२०२१ च्या डिसेंबरात आमच्या नाशकात साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष जयंतराव नारळीकर. पण प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. ती उणीव मी आपल्या परीने भरून काढली. त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा पुन्हा वाचून काढली. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी या कथेत त्यांना चाटून जाते, अन् पुढचा सारा इतिहासच कूस बदलतो!

दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन आनंदवल्लीकडे फिरायला गेलो. गोदाकाठचे हे गाव राघोबादादांच्या वास्तव्याचे, आनंदीबाईंच्या नावाचे. कथा त्यानेही वाचली होती. म्हणाला, “आजोबा, गोळी चुकली असती तर राघोबादादांचं काय झालं असतं?”

मी हिशेब मांडू लागलो. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव पडले. जूनमध्ये नानासाहेबही गेले. गादीवर आला १६ वर्षांचा माधवराव, आणि शेजारी २६ वर्षांचा चुलता. तोही कसा, तर १७५८ मध्ये लाहोर घेतलेला! पानिपत जिंकून विश्वासराव परतते, पाठीशी भाऊसाहेब असते, तर दादांना गादीचे स्वप्न पडायला जागाच नव्हती. थोरल्या बाजीरावांचा शूर मुलगा म्हणूनच आपण त्यांचे नाव घेतले असते.

“म्हणजे दैवच!” नातू म्हणाला.

मला ते अर्धेच पटले. आमच्याच जिल्ह्यातल्या धोडपला, १७६८ च्या जूनमध्ये, पुतण्याने चुलत्याचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. तेथे पानिपतची गोळी कोठे होती? फौज दादांनी स्वतः जमवली होती. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि गादी मिळाली. पण १७७४ च्या एप्रिलात पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, आणि एका तान्ह्या बाळापुढे हा लाहोरचा विजेता हरला. मग १७७५ चा सुरतेचा तह, इंग्रजांचा आश्रय. १७८२ मध्ये सालबाईला इंग्रजांनीही हात काढून घेतला. पुढच्याच वर्षी दादा कोपरगावी वारले.

“कोपरगाव कुठं आलं?” त्याने विचारले.

मी समोरच्या पाण्याकडे बोट दाखवले. हीच गोदावरी पुढे कोपरगावावरून जाते.