शामक-योजना, क्ष-किरण-मार्गदर्शित उपचारांतील

क्ष-किरण प्रतिमेच्या मार्गदर्शनाखाली रोहिणी, पित्तमार्ग इ. ठिकाणी सुई वा नळी घालून केलेल्या उपचारांच्या वेळी रुग्णाची भीती व वेदना कमी व्हावी, पण त्याची शुद्ध हरपू नये, यासाठी शामक व वेदनाहारक औषधे देतात. अपेक्षित अवस्थेत रुग्ण हाकेला ओ देतो, सांगितल्यावर श्वास रोखून धरतो व त्याचा श्वसनमार्ग मोकळा राहतो. ही अवस्था व संपूर्ण भूल यांच्यामध्ये ठळक सीमारेषा नाही. ही गोष्ट व्यवहारात मान्य होण्यास बराच काळ लागला.

व्हेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये एबर्सव्हाल्ड (जर्मनी) येथे स्वतःच्या हृदयापर्यंत नळी घातली, ती केवळ स्थानिक बधिरीकरणाखाली. त्यानंतर ते चालत क्ष-किरण कक्षात गेले. स्वेन सेल्डिंगर यांच्या पद्धतीमुळे (१९५३) शस्त्राने रोहिणी उघडी न करता सुई व तार यांच्या साहाय्याने नळी आत सरकविता येऊ लागली. १६ जानेवारी १९६४ रोजी पोर्टलंड (अमेरिका) येथे चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या एका वृद्धेची अरुंद झालेली रोहिणी रुंद केली. निदानाची जागा उपचाराने घेतली, तसा रुग्णाला निश्चल पडून राहावे लागण्याचा काळही वाढला.

क्ष-किरण कक्ष मुळातच निरीक्षणास प्रतिकूल होता. जुन्या पडद्यावरील प्रतिमा इतकी अंधुक असे की, ती अंधारातच पाहावी लागे. अशा अंधारात निळे पडलेले ओठ दिसणे कठीण. प्रतिमा-वर्धकामुळे १९५०–६० च्या दशकांत अंधार ओसरला. पण वैद्याचे डोळे पडद्यावर आणि रुग्ण निर्जंतुक चादरींखाली, ही स्थिती कायम राहिली.

डायझेपाम (१९६३) शिरेतून देताना वेदना होत व त्याचा परिणाम दीर्घकाळ टिके. पाण्यात विरघळणारे मिडॅझोलाम १९८५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले व त्याचे स्वागत झाले. तथापि ते डायझेपामपेक्षा अधिक प्रभावी असूनही अनेकांनी सवयीच्याच मात्रा दिल्या. परिणाम पूर्ण प्रकट होण्यास काही मिनिटे लागतात. तेवढा धीर न धरता दुसरी मात्रा दिली जाई, कधी अफूजन्य औषधाच्या जोडीने. शस्त्रक्रियागृहाबाहेर, विशेषतः वृद्धांमध्ये, श्वसन मंदावून मृत्यू घडले. त्यानंतर शिफारस केलेल्या मात्रा कमी करण्यात आल्या. दोष केवळ औषधाचा नव्हता; श्वासाकडे पाहणारे कोणी नव्हते, हे खरे कारण.

ताकुओ आओयागी (जपान) यांच्या १९७४ मधील संशोधनातून आलेला नाडी-ऑक्सिमीटर १९८० नंतर प्रचारात आला. पण रुग्णास ऑक्सिजन दिला जात असेल, तर श्वसन अपुरे असूनही रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण काही वेळ समाधानकारक दिसते. म्हणून उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड मोजणे आवश्यक ठरते. अमेरिकेतील शुद्धिहरणतज्ञांच्या संघटनेने भूलतज्ञ नसलेल्या वैद्यांसाठी १९९६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. उपचार करणाऱ्याहून वेगळी व्यक्ती रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी असावी, हा त्यांतील सर्वांत मोलाचा भाग होय. २०१८ च्या आवृत्तीत मार्गदर्शित उपचारतज्ञांची संघटनाही सहभागी होती.

मिडॅझोलामवरील उतारा फ्लुमॅझेनिल अमेरिकेत १९९१ मध्ये मान्य झाला. त्याचा परिणाम मूळ औषधाआधी ओसरू शकतो व जागा झालेला रुग्ण पुन्हा गुंगीत जातो. त्यामुळे उतारा दिल्यानंतरही त्याला काही काळ देखरेखीखाली ठेवतात.