इंग्रजी सातवी ते इंग्लिश मीडियम

आजोबा ‘इंग्रजी सातवी’ शिकले होते म्हटले की नातवंडांना हसू येते. सातवी पास माणूस कचेरीत कारकून कसा झाला? पण आधी मराठी चार इयत्ता आणि मग इंग्रजी पहिली ते सातवी, असा तो हिशेब होता. आजच्या मोजणीने अकरावी, आणि तिच्या शेवटी मॅट्रिक. आपण जिला माध्यमिक म्हणतो तीच तेव्हाची इंग्रजी शाळा.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. १९४९ मध्ये एसएससी येईपर्यंत हायस्कुलात काय शिकवायचे हे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाच ठरवत राहिली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदानाची वाट मोकळी केली होती, त्यामुळे सरकारी शाळांच्या जोडीला देणगीदारांच्याही शाळा उभ्या राहिल्या. सोलापुरात दोन्ही तऱ्हा दिसतात. एक गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट यांच्या नावाची, दुसरी हरिभाई देवकरण या व्यापारी घराण्याच्या नावाची. नॉर्थकोटचे वर्ग कुठे भरतात ते कदाचित सांगता येणार नाही, मैदान मात्र गावाला पाठ आहे.

त्या शाळांच्या सोयी बेताच्या. बाक, फळा, नकाशे आणि दप्तरात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठीचे इंग्रजी, इंग्रजीचे मराठी, असे उलटसुलट घोटून घेत. बोलायला जीभ वळत नसे, पण अर्ज बिनचूक लिहिता येई. सरकारलाही तेवढेच हवे होते. सोलापूरच्या पोरांची पंचाईत वेगळीच. विणकराच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, पलीकडच्या गल्लीत दखनी. पाठमालेतली ‘आपली भाषा’ मुळात त्यांची नव्हतीच, म्हणजे एका शिकलेल्या भाषेतून दुसरीत उडी!

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीची सुरुवात आठवीपर्यंत लांबली. जानेवारी १९५४ मध्ये सरकार आणखी पुढे गेले: इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी फक्त अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांनाच प्रवेश द्यावा, असा हुकूम निघाला. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलने नाकारलेल्या दोन मुलांचे पालक कोर्टात गेले, खुद्द शाळेची संस्थाही गेली. २६ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरवला. इंग्लिश मीडियमची आजची गर्दी पाहताना माझ्या मते इंग्रजी शिक्षणाचा पाया घालणाऱ्या मेकॉलेपेक्षा हा निकालच आधी आठवायला हवा.

पुढे १९७५ पासून दहावीची एसएससी आली आणि २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना परवानगी मिळाली. आता सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास सकाळी पिवळ्या बसा आणि दप्तरे लटकवलेल्या रिक्षा एकमेकींची वाट अडवतात. जाहिरातीत डिजिटल वर्ग, संगणक कक्ष आणि प्रयोगशाळा ठळक अक्षरांत, ग्रंथालय तळाशी. रिक्षात शिरताना मात्र ‘काय बे, सरक की’ हेच ऐकू येते. २०२० च्या कायद्याने या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हा तेलुगू घरातले पोर आता मराठी शिकते ते इंग्रजीनंतर, वेळापत्रकातल्या एका तासाला.