रविवारचा नियम

एरिक लिडेलची गोष्ट आपण १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपाशीच थांबवतो. १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती; रविवार देवाचा, म्हणून तो धावलाच नाही. ती शर्यत हॅरॉल्ड अब्राहम्सने जिंकली, लिडेलने ४०० मीटरचं सुवर्ण. पण खरी गोष्ट पुढेच आहे. चीनमध्ये मिशनरी झालेल्या लिडेलला जपान्यांनी वेइशियनच्या छावणीत डांबलं. १९४५ मध्ये तो तिथेच वारला. त्या छावणीत रविवारी मुलं पंचाशिवाय हॉकी खेळायची आणि भांडायची. तेव्हा हाच लिडेल रविवारी पंच म्हणून मैदानात उतरला. पदकासाठी न मोडलेला नियम त्याने मुलांची भांडणं मिटावीत म्हणून मोडला. ख्रिस्ती माणूस जिला कृपा म्हणतो, ती मला इथे दिसते.