बाँडिंग आणि बंडिंग

नगर जिल्ह्यात 'बंडिंग', म्हणजे बांध घालणं, हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १९७२च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर कंटूर बंडिंग, नाला बंडिंग करताना कितीकांच्या हाताला घट्टे पडले. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार ही नावं पाणलोटाच्या अशाच कामांनी गाजली. आता त्याच जिल्ह्यातली नेटवर्कवाली पोरं 'बाँडिंग' म्हणतात. एका स्विचचे दोन पोर्ट दोन केबलनी दुसऱ्या स्विचला जोडायचे आणि 'ही एकच लाइन समजा' असं दोघांनाही सांगायचं, ते बाँडिंग. न सांगता केबल खुपसल्या तर लूप होतो. मग लूप तोडायला स्विचमध्ये असलेली 'स्पॅनिंग ट्री' ही व्यवस्था एक पोर्ट बंद पाडते, आणि तीही चालू नसेल तर सगळं नेटवर्कच बसतं.

या दोन शब्दांचं साम्य योगायोगाचं नाही. इंग्रजीतले 'बाँड', 'बाइंड', 'बंडल' आणि संस्कृतातला 'बन्ध्' ही एकाच इंडो-युरोपीय धातूची लेकरं. फारसी 'बंद'ही त्यांच्याच कुळातला. इंग्रजांनी तो हिंदुस्थानीतून उचलून 'बंड' केला, त्याला 'इंग' लावलं आणि सरकारी कागदांतून आपल्याच शेतात परत पाठवला. तिथे 'बांध' आणि 'बंदिस्ती' आधीपासून होतेच!

बाँडिंगचा गुण दोन मोटा चालणाऱ्या विहिरीसारखा आहे. पाटाला पाणी दुप्पट येतं, पण एका मोटेत मावतं तेवढंच मावतं. एकेक गिगाबिटच्या दोन केबल बांधल्या, तरी एका संगणकावरून निघालेली एक मोठी फाइल सहसा एकाच केबलमधून जाते. पाकिटं मागेपुढे पोचू नयेत म्हणून स्विच पत्ते पाहून प्रत्येक संवादाला एकच वाट नेमून देतो. दहा जण एकदम कामाला लागले की खरा फायदा दिसतो. आणि एक नाडा तुटला तरी दुसरी मोट थांबत नाही, हेही आलंच.

नावांचा मात्र नुसता बाजार आहे. सिस्कोचं 'इथरचॅनल' मूळचं कॅलिफोर्नियातल्या 'कल्पना' नावाच्या कंपनीचं; ती सिस्कोने १९९४ मध्ये विकत घेतली. २००० साली मानक आलं, त्यात नाव पडलं 'लिंक अ‍ॅग्रिगेशन'. सगळ्यात घोळ घालतो तो 'ट्रंक'. एचपीच्या स्विचवर ट्रंक म्हणजे एकत्र बांधलेले पोर्ट, तर सिस्कोवर अनेक व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं, वाहून नेणारी लाइन. मूळ लॅटिन अर्थ झाडाचं खोड. आपल्याकडे त्याची पत्र्याची पेटी झाली, आणि ट्रंक कॉल लावून ताटकळलेली पिढी तर अजून आहे. इतकी ओझी वाहणारा शब्द फोनवर कॉन्फिगरेशन सांगताना वापरूच नये.

'दोन पोर्ट बांधले' म्हणावं, कुणालाही कळतं. फक्त दोन्ही टोकांना बांधा.