शिळा, खिळा आणि बाराखडी

मराठी मुद्रणाचा इतिहास आपण बहुधा ग्रंथांचा इतिहास म्हणून वाचतो. तो उत्पादनपद्धतींचा इतिहास म्हणून वाचला, तर रत्नागिरीतून चाललेल्या सावरकरांच्या लिपिशुद्धीच्या प्रचाराचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत छापलेले पंचांग शिळाप्रेसवरचे होते. शिळाछापात लेखनिकाने हाताने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवीत. त्यामुळे जोडाक्षर कितीही अवघड असले, तरी त्याचा खर्च साध्या अक्षराइतकाच येई. मात्र दुरुस्ती किचकट होती आणि प्रत्येक नव्या पुस्तकासाठी सारे लेखन पहिल्यापासून करावे लागे. खिळ्यांच्या छपाईने हे गणित उलटे केले. चूक एका खिळ्यापुरती उरली. छापून झाल्यावर तेच खिळे सोडवून पुन्हा जुळवता येऊ लागले. गणपत कृष्णाजी स्वतः पुढे खिळ्यांकडे वळले. १८६९ साली जावजी दादाजींनी काढलेल्या निर्णयसागर छापखान्याने या पद्धतीला सौष्ठव दिले. परंतु आता प्रत्येक जोडाक्षराची किंमत मोजावी लागत होती. देवनागरीला शेकडो खिळे लागत आणि जुळाऱ्याचा हात तितक्याच खणांतून फिरे. रत्नागिरीतच जन्मलेल्या टिळकांनी खिळ्यांची संख्या घटवण्याचा प्रयत्न केला, तो यामुळेच.

लायनोटाइप यंत्र आले, तेव्हा ही अडचण निराळ्या पातळीवर गेली. त्याच्या कळफलकावर ९० कळा होत्या. हातजुळणीत जादा खिळ्यांनी वेळ जाई. येथे त्यांना जागाच नव्हती. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी 'इ, ई, उ, ऊ' यांऐवजी 'अि, अी, अु, अू' अशी 'अ'ची बाराखडी पुरस्कारली. काही नियतकालिकांनी व पुस्तकांनी ती काही काळ वापरलीही. तिला केवळ भाषिक हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळच्या यंत्राचा हिशेब तिच्यामागे होता.

तो हिशेब संगणकाने बदलला. आज 'क्ष' किंवा 'द्ध' टंकित करताना यंत्र आतमध्ये व्यंजने व हलन्त अशी फोड करूनच ती साठवते. वाचकासमोर मात्र अखंड जोडाक्षर येते. सुधारकांना लिपीकडून हवे असलेले विघटन आता यंत्र स्वतःच्या पोटात करते.

उत्पादनपद्धतींची तुलना करताना आपण वेग आणि खर्च मोजतो. पद्धत लिपीकडून काय मागते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने तरी त्यात जोडायला हवा. कारण यंत्रे बदलतात, पण त्यांच्या सोयीसाठी सोडलेली अक्षरे परत येतीलच असे नाही.