तळटीप १४ : साखीरची शर्यत
१४. मजकुरातला ‘मुंबईचा पोरगा’ म्हणजे जेहान दारूवाला (जन्म १ ऑक्टोबर १९९८). फोर्स इंडिया संघाने २०११ मध्ये देशभरातून होतकरू मुलं हेरली, त्यांत तो होता. पुढे युरोप. २०१९ च्या फॉर्म्युला ३ मध्ये प्रेमा संघाकडून दोन शर्यती जिंकून तो तिसरा आला.

‘साखीर’ म्हणजे बहारीनचा ट्रॅक. ६ डिसेंबर २०२० रोजी तिथे नेहमीचा मार्ग सोडून बाहेरचा आखूड मार्ग धरला होता. एक फेरी जेमतेम मिनिटभराची. मिक शूमाखरचं फॉर्म्युला २ चं अजिंक्यपद त्याच दिवशी ठरायचं असल्याने साऱ्यांचं लक्ष त्याच्याकडे. शर्यत मात्र मारली जेहानने, युकी सुनोदाला मागे टाकून. २०१७ पासूनच्या फॉर्म्युला २ मध्ये भारतीयाचा हा पहिला विजय. त्याचं मोल आपल्याकडे पुरेसं ओळखलं गेलं नाही.

२०२२ मध्ये मॅक्लारेनने सिल्व्हरस्टोनला त्याला चाचणीसाठी फॉर्म्युला १ ची गाडी दिली. शर्यतीतली जागा मिळाली नाही. २०२४ मध्ये तो मासेराटीकडून फॉर्म्युला ई या विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या मालिकेत उतरला.